आठ मिनिटं

पाचगणीतल्या एका निवासी शाळेत कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी बोट लावायचं मशीन आहे. त्याला वेळ पुरवणारा सर्व्हर मी सांभाळतो. स्वयंपाकघरातल्या एक मावशी वाईहून एसटीने पसरणी घाट चढून कामावर येतात. त्यांच्या नावावर लेटमार्क साचत गेले. तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. त्या सांगत होत्या, "मशीन पुढं पळतंय, दादा. गाडी तर येळंवर आली हुती." एसटी वेळेवर आली, हा पुरावा आपल्याकडे कोण मानतं? मीही हसलो होतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी सर्व्हर उघडला, तर घड्याळ आठ मिनिटं पुढे!

नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत म्हणजे एनटीपी. सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने बाहेरच्या घड्याळांना यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवर विचारतो, किती वाजले? प्रश्न कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघालं, कधी मिळालं, या चार नोंदींवरून प्रवासाचा वेळ वजा करून तो स्वतःला दुरुस्त करतो. आमचे प्रश्न जात होते, उत्तर एकही येत नव्हतं. 'रीच'च्या रकान्यात शून्य. वेबसाइट उघडत होत्या, पिंग चालत होतं, म्हणून कुणाला शंका नाही. यूडीपीत उत्तर आलं नाही तरी कुणी ओरडत नाही. फायरवॉलचे नियम तपासले. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी मोजकेच पोर्ट उघडे ठेवून बाकी सगळे बंद केले होते.

ते लॉगिन माझं होतं.

दिवसाला दोन सेकंद पुढे जाणं अशा घड्याळांसाठी काही विशेष नाही. आठ महिन्यांत त्याची आठ मिनिटं झाली. नियम जोडला, वेळ जुळली. पण मागच्या लेटमार्कांचं काय? ऑफिसात उत्तर मिळालं, "आता नीट झालं ना? जुन्या डेटाला हात लावायचा नाही." लॉग बदलायचे नाहीत हे माझ्याही हाडीमाशी खिळलेलं आहे, त्यामुळे पटकन काही बोलता येईना.

रात्रभर डोक्यात तेच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पाचगणीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण बारा पस्तीस झालेले असतात. मुंबईत तर १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' पाळला जायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे सकाळचे साडेसहा हे आकाशात कुठे लिहिलेलं नाही, तो आपसातला करार आहे. तो मोडला आमच्या यंत्राने आणि दंड भरला मावशींनी. एनटीपी तरी अनेक घड्याळांना विचारते, बाकीच्यांशी न जुळणाऱ्याला 'फॉल्सटिकर' म्हणून बाजूला काढते. आम्ही एकाच घड्याळाला विचारलं. दुसरं घड्याळ रोज समोर उभं राहून सांगत होतं.

मूळ नोंदी तशाच ठेवल्या. शेजारी दुरुस्त वेळेचा नवा रकाना केला. मावशींच्या तेरा लेटमार्कांपैकी अकरा गेले, दोन उरले. सोबतच्या ई-मेलमध्ये फायरवॉलच्या त्या नियमाची तारीख टाकली आणि तो कुणी लावला तेही. पैसे अजून मिळालेले नाहीत.

दोन उरल्याचं सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्या दोन दिसाला उशीर झालाच हुता की."