आजचं चिंतन : २३ किलोची बॅग आणि योगक्षेम



आजचं चिंतन जरा उशिरा टाकतेय. सकाळपासून बॅग काट्यावर चढव, उतरव चाललंय. विमानात २३ किलोच चालतात आणि माझी बॅग २६ च्या खाली यायला तयार नाही. कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी मी जर्मनीला निघालेय. बारा दिवस राहिले. पुण्याची रूम रिकामी करून सध्या सोनगीरला घरी आलेय.

साजूक तूप आणि प्रसादाचे पेढे आधीच बाहेर निघाले, कारण बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बिबड्या आणि काळा मसाला राहिला. आणि आजीनं दिलेला तांब्या. आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, तेव्हा घरातून बाहेर पडणाऱ्या पोरीच्या सामानात गावचा तांब्या हवाच, असं आजीचं म्हणणं. तिकीट पितृपक्षातलं आहे म्हणून आत्या नाराज होती, तिलाही आजीनंच गप्प केलं. म्हणाली, पितर काय परके आहेत का?

खरं सांगू? मला भीती वाटतेय. दिवसभर यादीत जीव रमतो, पण रात्री झोप लागत नाही. तिथली भाषा जमेल का, विषय झेपतील का, आजारी पडले तर कोण? आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती आजीची. गेल्या वर्षी ती पडली, ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिच्या गोळ्यांचा डबा मीच भरते. पुण्याला असतानाही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकेक खण तपासून घ्यायचे. मी तिथे असताना तिला काही झालं तर?

आजचं वाचन : गीता, अध्याय ९, श्लोक २२

भगवंत इथे अर्जुनाला वचन देतात. जे दुसरा कुठलाच आधार न धरता माझं चिंतन करतात, माझ्याशी कायम जोडलेले राहतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असा या श्लोकाचा भाव आहे.

‘योगक्षेम’ हा शब्द आपण पत्रात, भाषणात सहज वापरतो. त्यात दोन गोष्टी आहेत. जे अजून आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे आहे ते सुरक्षित राहणं म्हणजे क्षेम. मी माझ्या भीतीची यादी काढली तर ती सरळ या दोन रकान्यांत बसली. भाषा, अभ्यास, नवी माणसं हा योग. आजी, घर, आपली श्रद्धा हे क्षेम. परदेशी निघालेल्या प्रत्येकाच्या पोटात जो गोळा येतो, त्याला गीतेनं आधीच नाव देऊन ठेवलंय!

ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माऊली पक्षिणीचा दृष्टान्त देतात. ज्यांना पंखच फुटले नाहीत अशा पिलांसाठी ती जगते. आई स्वतःची तहानभूक विसरते आणि बाळाला जे हिताचं तेवढंच करते. देवाचं वाहणं हे असं आहे.

या श्लोकाची एक जुनी गोष्ट सांगतात. एक गरीब पंडित गीतेवर टीका लिहीत होते. ‘वहामि’ या शब्दापाशी ते अडले. जगाचा मालक स्वतःच्या पाठीवर ओझं कसं वाहील? तो फार तर देईल. म्हणून त्यांनी त्या शब्दावर रेघ ओढली, तिथे ‘देतो’ असा शब्द घातला आणि भिक्षेला बाहेर पडले. इकडे दोन मुलं धान्याची ओझी घेऊन दारात आली. सावळ्या मुलाच्या अंगावर ओरखडा होता. पंडितांच्या बायकोनं कळवळून विचारलं, तर म्हणाला, तुमच्या यजमानांनीच मारलं. पंडित रिकाम्या हाताने परतले, सगळं ऐकलं आणि समजले. घातलेला शब्द त्यांनी खोडून टाकला.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. दर वेळी वाटायचं, एवढे मोठे पंडित, पण साधी गोष्ट कळली नाही! काल रात्री लक्षात आलं, तीच रेघ मीही ओढलीय. देव शक्ती देईल, बुद्धी देईल, हे मी मानते. पण ओझं वाहणं माझं काम. गोळ्यांचा डबा माझाच. तो मी सोडला की सगळं कोसळणार.

इथून वीसेक किलोमीटरवर धुळ्याचं जेल आहे. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तिथलंच. नववा अध्याय ऐकताना त्या कैद्यांच्या मनात काय आलं असेल? त्यांना तर घरी जाऊन कुणाचं काही बघताही येत नव्हतं. घरच्यांचं क्षेम दुसऱ्या कुणावर तरी सोपवल्याशिवाय त्यांना गत्यंतरच नव्हतं.

आणि आनंदीबाई जोशी आठवा. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. न्यूयॉर्कला पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. व्हिडिओ कॉल नाही, गोपाळराव सोबत नाहीत. तिथे त्यांना उतरवून घेतलं ते मिसेस कार्पेंटर यांनी. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात त्यांच्याबद्दल वाचलं आणि पत्र पाठवलं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मला यात ‘वहामि’ दिसतं. देव वाहतो, पण बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातांनी वाहतो.

पण आनंदीबाईंची पुढची गोष्ट झाकून ठेवायची नाही. १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. मग ते वचन कुठे गेलं? मी यावर खूप विचार केला. श्लोकात ‘काही वाईट होणार नाही’ असं म्हटलेलं नाही. ‘मी वाहतो’ असं म्हटलंय. जे होईल त्यात तुला एकटं सोडणार नाही, एवढं ते वचन आहे. मला ते थोडं वाटत नाही. आजीच्या पायाची हमी मला इथे बसूनही देता येत नाही. मी घरात असतानाच तर ती पडली होती.

आज दुपारी मी गोळ्यांचा डबा चुलतभावाच्या हातात दिला. दहावीतला पोरगा. मी समजावून सांगायला लागले तर म्हणाला, ताई, मला पाठ आहे, तू फोनवर सांगतेस तेव्हा डबा तर मीच धरलेला असतो. खरंच की! वर्षभर ते ओझं मी एकटीनं उचललंय असं मला वाटत होतं.

आजी सगळं बघत होती. तिच्या अहिराणीत म्हणाली, “माले काय व्हस माय? तू जाय.”

मला रडू आलं. भीती गेली असं नाही, पण आता ती मला झेपेल एवढी वाटते. अर्जुनाचे हातपाय कापले तेव्हाही भगवंतांनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं. आपलंही ऐकतील.

आजचा छोटा अभ्यास : तुम्ही परदेशी निघाला असाल, नव्या नोकरीला किंवा हॉस्टेलला, तर कागदावर दोन रकाने करा, योग आणि क्षेम. प्रत्येक काळजीपुढे लिहा, हे ओझं आत्ता कोण कोण उचलतंय? नावं निघतील. मग जे तुमच्या हातात आहे ते नीट करा आणि देवाला अर्पण करा. एक ओझं आजच दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. जे उरेल ते त्याचं.

आजी संध्याकाळी सातला हरिपाठाला बसते. तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की अडीच. जमेल तेव्हा मीही तिच्यासोबत फोनवर बसणार.

आणि हो, तांब्या बॅगेत गेला. दोन जाड पुस्तकं राहिली.

पांडुरंगा, माझं लक्ष तुझ्यापाशी राहू दे. बाकीचं तू बघतोच आहेस.

रामकृष्णहरी!