शंखाच्या आतल्या वळणात

बसा. बोडीच्या पाळीवर, जिथे गवत आधीच दबले आहे तिथे.

भंडाऱ्याकडचा कार्तिक आहे. धान कापणीला आले आहे. बोडीचे पाणी काठापासून मागे सरले आहे. पलीकडे म्हशी पाण्यात बसल्या आहेत. नाकपुड्या आणि शिंगे तेवढी वर.

श्वास घ्या. सोडा.

आता लांबचे पाणी राहू द्या. पायापुढचे वीतभर पाणी बघा.

तिथे एक गोगलगाय आहे, अंगठ्याच्या नखाएवढी. शंख पातळ, फिकट तपकिरी. त्याचे तोंड कानाच्या पाळीसारखे पसरट. डोक्यावर दोन चपट्या, तिकोनी स्पर्शिका. त्यांच्या बुडाशी दोन काळे ठिपके. ते तिचे डोळे.

ती वर येते. पाण्याच्या पृष्ठभागाला खालून चिकटते, उलटी. अंगाच्या बाजूला एक बारीक छिद्र उघडते. हवा आत जाते. छिद्र मिटते.

तिला कल्ले नाहीत. पाण्यात राहूनही ती श्वास हवेचा घेते.

तिच्याबरोबर एक श्वास घ्या. थांबा.

आता शंखाच्या टोकाकडे बघा. तिथली वळणे अरुंद होत जातात. त्या वळणांत तिची पाचकग्रंथी आहे. आपल्याकडे जे काम यकृत करते, त्यातले बरेचसे तिच्याकडे ही ग्रंथी करते.

तिथे कुणीतरी राहते आहे.

घाबरू नका. फक्त बघा.

काही महिन्यांपूर्वी, पाणी काठोकाठ होते तेव्हा, म्हशीच्या शेणातून यकृतातल्या कृमीचे एक अंडे या पाण्यात आले. पिवळसर, मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढे. दोन-तीन आठवडे ते पाण्यात पडून राहिले. मग एके दिवशी उजेड लागला, झाकण उघडले, आणि अंगभर केसाळ असलेला एक जीव पोहत बाहेर आला.

तो काही खात नाही. त्याच्याजवळ काही तास आहेत, फार तर एक दिवस. तेवढ्यात त्याला ही गोगलगाय सापडायला हवी. हीच, किंवा हिच्या जातीची. नाही सापडली, तर तो इथेच संपतो.

त्या काही तासांपाशी थोडे थांबा.

त्याला ती सापडली. तिच्या मऊ अंगात शिरताना त्याने केसाळ आवरण बाहेरच टाकले. आत तो एक राहिला नाही. एकाचे अनेक झाले, अनेकांचे शेकडो. टोकाकडच्या त्या वळणांत ते तिचीच ग्रंथी खात वाढत आहेत. तिची अंडी घालण्याची ताकद जाते. बऱ्याचदा ती स्वतःच लवकर मरते.

म्हशीच्या यकृताच्या आजाराबद्दल बोलताना आपण हिला रोग पसरवणारी म्हणतो. मला ते पटत नाही. तो रोग आधी हिला झाला आहे.

बघत राहा. ती अजून वरच आहे. छिद्र पुन्हा उघडते आहे.

1880 च्या सुमारास ऑक्सफर्डजवळच्या ओल्या कुरणांत ए. पी. थॉमस नावाचा तरुण असाच वाकून पाण्यात बघत होता. इंग्लंडमध्ये लाखो मेंढ्या यकृत सडून मेल्या होत्या. तिकडची गोगलगाय वेगळी, याहून बरीच लहान. कृमीही जवळच्या नात्यातला, पण दुसरा. गोगलगाईच्या आत काय घडते ते थॉमसने शोधले. जर्मनीत लॉयकार्ट नावाचा शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे त्याच उत्तरापर्यंत आला.

परत या. आपल्या बोडीकडे.

आता गोगलगाईतून काहीतरी बाहेर पडते. शेपटीचे, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असे. शेपूट हलवत ते गवताच्या काडीपर्यंत जाते. चिकटते. शेपूट गळते. भोवती कवच येते. आणि मग ते काहीच करत नाही. वाट बघते.

तुमच्या पायाशी ओले गवत आहे. पाणी उतरले, आणि ते उघडे पडले. हिरवे, कोवळे. चरायला याहून चांगले काय?

श्वास घ्या.

म्हैस ते गवत खाते. कवच तिच्या आतड्यात उघडते. इवलासा कृमी आतड्याची भिंत ओलांडतो, यकृतात शिरतो, कित्येक आठवडे त्यातून वाट कोरत जातो. शेवटी पित्तनलिकेत थांबतो. तिथे तो पानासारखा चपटा होतो, 5 सेंटिमीटरहूनही लांब. रोज हजारो अंडी पित्तातून आतड्यात, आतड्यातून शेणात.

मोरचूद टाकून गोगलगाई मारा, असे सांगितले जाते. त्याने मासेही मरतात. या बोडीतल्या मासळीवर घरे चालतात.

आणखी थोडे बसा. मग उठा, काठाला वळसा घालून म्हशींकडे जा.

एखादी खंगलेली दिसेल. तिच्याजवळ उभे राहा. तिला तुमचा वास घेऊ द्या.

हात हळूच तिच्या जबड्याखाली न्या. तिथे मऊ सूज लागते का? बोटाने दाबा. सोडा. खड्डा तसाच राहतो का, बघा.

राहिला, तर तोच कृमी तिच्या यकृतात असू शकतो. आजच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. काठचे गवत कापून गोठ्यात आणू नका. पेंढा कडक उन्हात पुरता वाळू द्या. आणि तिला प्यायला विहिरीचे पाणी द्या.