अर्धें शिकलेल्यानें शिकवावें काय?

ज्याचें स्वतःचें शिक्षण अद्यापि पुरें झालें नाहीं, त्यानें दुसऱ्यास शिकविण्याचें काम पत्करावें काय? हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो; परंतु जो कोणी सायंकाळीं चार मुलांस जवळ बसवून कांहीं सांगूं लागतो, त्याच्या मनांत तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच. आपणांस ठाऊक आहे तें थोडें, ठाऊक नाहीं तें अफाट; असें असतां मुलांपुढें उभें राहण्याचा आपणांस अधिकार कोणता? वाचकांपैकीं पुष्कळांनीं खेड्यांत रात्रीची शाळा चालविली असेल, किंवा शेजारच्या मुलांचा अभ्यास घेतला असेल; त्यांस हा प्रश्न परका वाटणार नाहीं. म्हणून आज तो एका उदाहरणाच्या आधारें तपासून पाहूं.

कोल्हापूरच्या दक्षिणेस, वेदगंगेच्या खोऱ्यांत, गारगोटी हें भुदरगड तालुक्याचें मुख्य गांव आहे. पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव धारण करणारें श्री मौनी विद्यापीठ येथेंच आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच व्ही. टी. पाटील ह्यांनीं त्याचा पाया घातला, आणि त्याच्या घडणींत जे. पी. नाईक ह्यांचा मोठा वाटा होता. नाईक हे ह्याच जिल्ह्यांतील बहिरेवाडीचे, १९०७ सालीं जन्मलेले. सत्याग्रहाच्या चळवळींत तुरुंगवास भोगून आल्यावर ते धारवाडकडील उप्पिन बेटगेरी ह्या खेड्यांत जाऊन राहिले, आणि तेथें त्यांनीं शाळा व ग्रामसुधारणा ह्यांचें काम केलें. हेच नाईक पुढें १९६४ ते १९६६ ह्या काळांत भारत सरकारच्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. विद्यार्थ्यांच्या शिक्षणांत समाजसेवेस जागा असावी, अशी शिफारस त्या आयोगानें केली. नंतर २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ‘राष्ट्रीय सेवा योजना’ सुरू झाली, तेव्हां तिच्यांत ३७ विद्यापीठें व सुमारें ४०,००० विद्यार्थी होते. म्हणजे ज्यांनीं गारगोटीसारख्या गांवीं शिक्षणाची उभारणी केली, त्यांनींच अर्ध्या शिकलेल्या तरुणास सेवेस बोलाविलें. त्यांनीं चूक केली काय?

आमच्या देशाची जुनी चाल पाहतां तसें म्हणतां येत नाहीं. पंतोजीच्या शाळेंत वडील मुलें धाकट्यांस धुळपाटीवर अक्षरें गिरवावयास लावीत. एकटा पंतोजी सर्वांस पुरला नसता. मद्रासेंत अँड्र्यू बेल ह्या स्कॉटिश पाद्र्यानें देशी मुलें वाळूंत अक्षरें काढून शिकतांना पाहिलीं, आपल्या अनाथाश्रमांत मुलांकडून मुलांस शिकविण्याची पद्धति चालविली, आणि १७९७ सालीं तिचें वर्णन इंग्लंडांत छापून प्रसिद्ध केलें. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं व तरुण शिक्षकांनीं ज्ञानवृद्धीसाठीं एक सभा स्थापिली, आणि पुढच्याच वर्षीं तिच्या सभासदांनीं, त्यांत दादाभाई नवरोजी होते, मुलींच्या शाळा उघडून तेथें विनावेतन शिकविण्यास आरंभ केला. पुण्यास १८४८ सालींच जोतीराव फुले ह्यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते व सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. सावित्रीबाईंचें पहिलें शिक्षण पतीकडूनच झालें होतें, आणि पुढील अभ्यास जोतीरावांच्या मित्रांकडे झाला. ह्या सर्वांनीं ‘आधीं पुरतें शिकूं, मग शिकवूं’ असें म्हटलें असतें, तर किती मुलींचें बालपण शाळेवांचून सरलें असतें! वाट पाहण्याची किंमत शिक्षक देत नाहीं. ती मूल देतें.

परंतु एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. अज्ञान हें नुकसान आहे, तसें चुकीचें ज्ञान हेंही नुकसानच आहे. आणि तें काढून टाकणें अधिक कठीण, कारण ज्याच्या डोक्यांत तें बसलें आहे त्यास आपण शिकलों असें वाटत असतें.

समजा, एक तरुण महाविद्यालयांतून दिवाळीच्या सुटींत गारगोटीजवळच्या आपल्या गांवीं आला आहे. तो जिज्ञासु आहे. त्याचें चित्त एका विषयावर ठरत नाहीं. तो नववी-दहावीच्या मुलांमुलींस जमवितो आणि म्हणतो, “आठ दिवस रोज सायंकाळीं या, परीक्षेंत नसलेलें कांहीं पाहूं.” पहिल्या दिवशीं तो एक मीटर लांबीची काठी उभी करितो. तिची सावली दीड मीटर भरते. त्याच वेळीं देवळापुढील पिंपळाची सावली अठरा मीटर भरते. तर झाडावर न चढतां त्याची उंची बारा मीटर हें मुलांस काढतां येतें. दुसऱ्या दिवशीं सावकारी व्याज. दरमहा शेंकडा तीन म्हणजे कांहींच नाहीं असें वाटतें. पण हजार रुपयांवर वर्षाचें साधें व्याज ३६० रुपये होतें, आणि महिन्याचें महिन्यास व्याजावर व्याज चढलें तर सुमारें ४२६ रुपये. हें ऐकून एक मुलगा गप्प बसतो, कारण त्याच्या घरीं असें कर्ज आहे. तिसऱ्या दिवशीं अंधार पडल्यावर पूर्वेस कृत्तिकांचा पुंजका दाखवून तो सांगतो कीं हा रोज सुमारें चार मिनिटें आधीं उगवतो. मुलांस हें सर्व आवडतें.

चवथ्या दिवशीं गुळाचा विषय निघतो. कोल्हापूरकडील गुऱ्हाळें आतां पूर्वीपेक्षां कमी झालीं आहेत, तरी गूळ ह्या मुलांच्या ओळखीचा. तरुण सांगतो, “रस उकळतांना त्यांत भेंडीचें पाणी घालतात, म्हणजे मळी वर येते; आणि गूळ पांढरा व्हावा म्हणून चुना घालतात.” मागें बसलेली एक मुलगी हळूच म्हणते, “दादा, चुना पांढरेपणासाठीं नसतो. गूळ घट्ट बसावा म्हणून घालतात. जास्ती पडला तर गूळ काळा पडतो. माझे वडील गुळवे आहेत.”

आतां ह्या तरुणापुढें तीन वाटा आहेत. पहिली, आवाज चढवून ‘पुस्तकांत असेंच आहे’ म्हणण्याची. मुलगी गप्प बसेल, आणि चूक सर्वांच्या डोक्यांत राहील. दुसरी, हंसून विषय बदलण्याची. चूक राहील, आणि मुलीस वाटेल कीं वडिलांचें नांव घेतलें हेंच चुकलें. तिसरी, ‘मला हें नीट ठाऊक नाहीं, मीं अंदाजानें सांगितलें’ असें सर्वांदेखत म्हणण्याची. पहिल्या दोन वाटांनीं शिक्षकाचा मान त्या घटकेपुरता वांचतो. तिसरीनें तो जातो असें त्यास वाटतें.

समजा, त्यानें तिसरी वाट धरली. दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी गुऱ्हाळावर गेली. चुलवाणांत चिपाडें धडधडत होतीं. मुलीच्या वडिलांनीं पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकला, बोटांनीं त्याची गोळी वळून दाखविली, आणि म्हटलें, “ही अशी वळली कीं काहील उतरायची. घटका उशीर झाला कीं गूळ बिघडला.” वजन नाहीं, माप नाहीं, उष्णतामापक यंत्र नाहीं; बोटें हीच त्यांचीं यंत्रें. त्या रात्रीं तरुणानें पुस्तकें पाहिलीं, तेव्हां कारण उमगलें. उंसाचा रस किंचित् आंबट असतो. त्या आंबटपणांत तो तापला म्हणजे साखरेचा कांहीं भाग फुटून दुसऱ्या दोन साखरा होतात, त्या सहज दाणा धरीत नाहींत, आणि गूळ मऊ राहतो. चुना आंबटपणा मारितो, म्हणून गूळ बसतो; प्रमाण चुकलें कीं रंग काळवंडतो. गुळव्यास ‘काय होतें’ हें पुरतें ठाऊक होतें, पुस्तकास ‘कां होतें’ हें ठाऊक होतें. ह्या दोहोंची गांठ पडली ती शिक्षकानें आपलें अज्ञान कबूल केल्यामुळें.

ह्यांत मुलांस मिळालें काय? गुळाची माहिती हा लहान भाग. एका बापाचें ज्ञान, ज्यास शाळेंत कोणी ज्ञान म्हटलें नव्हतें, तें त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत ज्ञान ठरलें, हा मोठा भाग. आणि शिकलेला मनुष्य चुकला तर काय करितो, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. पुरता पंडित हें शिकवूं शकलाच असता असें नाहीं, कारण तो चुकला नसता.

तर मग ज्यास थोडें येतें त्यानें शिकवावें, हें आमचें उत्तर. परंतु त्यास कांहीं बंधनें आहेत. पहिलें बंधन सत्याचें. ‘हें मला ठाऊक आहे’, ‘हें मीं ऐकलें आहे’, आणि ‘हा माझा अंदाज आहे’, हीं तीन वाक्यें निराळीं आहेत, आणि ज्या ठिकाणीं जें लागू असेल तेंच बोललें पाहिजे. कित्येक म्हणतात, फुकट शिकविणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कां करावी? पण औषध फुकट दिलें म्हणून चुकीचें औषध कमी अपाय करीत नाहीं.

दुसरें बंधन मर्यादेचें. ताऱ्यांविषयीं चूक झाली तर उद्यां सुधारतां येते. कांहीं चुका सुधारण्यास उद्यां मिळत नाहीं. साप चावला असतां जखम कापावी, वर दोरी आंवळावी, विष चोखावें, असें खेडोपाडीं अजून सांगितलें जातें. हें सर्व घातक आहे. रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये, आणि विलंब न लावितां दवाखान्यांत न्यावें, एवढेंच योग्य. जेथें जिवाचा, विजेचा किंवा कायद्याचा प्रश्न आहे, तेथें अर्ध्या शिकलेल्यानें आपल्या अंदाजानें बोलूं नये; जाणत्यास बोलावून आणावें व स्वतः मुलांमध्यें बसावें.

तिसरें बंधन वचनाचें. स्वयंसेवकाच्या मनांत एक सूक्ष्म मोह असतो: आपणांस नवें पहावयास मिळावें म्हणून मुलें हवींशीं वाटतात. सेवा योजनेंत दोन वर्षांत २४० तास भरावयाचे असतात. तास भरले म्हणजे ऋण फिटलें असेंही वाटूं लागतें. परंतु सायंकाळीं सहा वाजतां येतों असें सांगून जो आला नाहीं, त्याची वाट पाहत ओसरीवर बसलेलीं मुलें एक धडा शिकतातच: आपल्यासाठीं दिलेला शब्द मोडला तरी चालतो. हा धडा सर्वांत वाईट.

येथें एक आक्षेप उरतो. आज तारे, उद्यां व्याज, परवां गूळ. अशानें मुलें सर्व विषयांत उथळ होणार नाहींत काय? आक्षेपांत तथ्य आहे. दहा गोष्टींचीं नुसतीं नांवें सांगणें हें शिक्षण नव्हे. परंतु विहीर अरुंद असली तरी चालते, ती पाण्यापर्यंत गेली पाहिजे. एका सायंकाळीं एकच प्रश्न घ्यावा, आणि त्याचें ‘कां’ सांपडेपर्यंत खणावें. न सांपडलें तर ‘येथवर आलों’ अशी खूण करून ठेवावी. आईबाप विचारतील, ह्याचा परीक्षेंत उपयोग काय? कांहींचा होतो, काठीच्या सावलीचें गणित म्हणजे शाळेंतील समरूप त्रिकोणच. कांहींचा होत नाहीं, तें स्पष्ट सांगावें, आणि अभ्यासाचा वेळ खाऊं नये.

सुटी संपते आणि तरुण परत जातो. तो गेल्यावर मागें काय राहतें, ह्यावरच त्याच्या कामाची परीक्षा. मुलें त्याची आठवण काढीत रिकामीं बसलीं, तर त्यानें आपलें कौतुक मिळविलें एवढेंच. पण त्या गुळव्याच्या मुलीनें पुढच्या आठवड्यांत धाकट्या मुलांस काठी उभी करून सावली मोजावयास लाविलें, आणि अडली तेव्हां ‘हें मला येत नाहीं, विचारून सांगतें’ असें म्हटलें, तर काम झालें.

वाचकहो, तुमच्याही गांवीं येत्या सुटींत असा कोणी विद्यार्थी येईल. त्याच्या पदव्या विचारूं नका. त्यास ओसरी द्या, कंदील द्या, मुलें जमवून द्या. मात्र आरंभीं एकच प्रश्न विचारा: “मुलानें विचारलेलें तुला ठाऊक नसेल, तेव्हां काय करशील?” आणि जे आपण स्वतः संध्याकाळीं मुलांस घेऊन बसतों, त्यांनीं हाच प्रश्न आज घरीं जातांना आपणांस विचारावा.