पेटीतली पेटी

क्लासमधले व्हेरिएबल बाहेरच्या कोडने थेट वाचावे किंवा बदलावे का, हा प्रश्न ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा. त्याच्या मुळाशी जुनाच तात्त्विक प्रश्न आहे. ‘आत’ ठरते ते भिंतीने की हक्काने?

विरार लोकलच्या पासचा क्लास लिहायचा झाला, तर ‘मुदत’ हे त्यातले एक व्हेरिएबल. ते पब्लिक ठेवले की कोडमधली कुठलीही ओळ भाडे न भरता तारीख पुढे ढकलू शकते. प्रायव्हेट केले की बाहेरच्यांना दोनच वाटा उरतात. एक मेथड मुदत दाखवते, दुसरी भाडे घेऊन ती वाढवते. प्रायव्हेट म्हणजे गुपित नव्हे. मुदत टीसीला दिसतेच. भाडे आणि मुदत यांचा मेळ राखण्याची जबाबदारी मात्र एकाच जागी राहते.

ही भिंत फारशी पक्की नसते. जावात कंपायलर अडवतो, पण रिफ्लेक्शन नावाच्या सोयीने आत शिरता येते. पायथनमध्ये नावाआधीची अधोरेषा ही नुसती खूण. ती पाळायची ती समजुतीने.

नालासोपाऱ्याच्या स्तूपात हाच प्रश्न विटांनी बांधलेला आहे. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा हा उंचवटा पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ ब्राँझमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. त्यात मातीच्या भांड्याचे काही तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले जातात.

उपासकाला या तुकड्यांपर्यंत वाट नव्हती. प्रदक्षिणा आणि वंदन एवढेच बाहेरून करता येई, आणि तेवढे पुरत असे. उत्खननाने भिंत ओलांडली. त्यातून इतिहासाला पुरावा मिळाला, पण पूजेची वस्तू संग्रहातली वस्तू झाली.

साम्य इथवरच पोचते. पासच्या क्लासमध्ये शेवटच्या तारखेऐवजी सुरुवातीची तारीख आणि एकूण दिवस साठवले, तरी मेथड तेच उत्तर देतात आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. तिथे आतले झाकायचे ते बदलता यावे म्हणून. स्तूपात झाकायचे ते बदलू नये म्हणून. तुकडे कधी न पाहिलेल्या उपासकालाही त्यांच्या जागी दुसरे खापर चालले नसते.