दिसले ते कोणाला सांगावे?

मारतहळ्ळीच्या पुलापासून पाच-सात मिनिटांवर आम्ही राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्याहून मुलीकडे आलो आणि इथलाच झालो. आसपासच्या इमारतींत मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यापैकी दहा-बारा जण रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात स्वाध्यायाला जमतात. शिवाय रोज पहाटे पाच वाजता आम्ही आपापल्या घरी फोन समोर ठेवून अर्धा तास एकत्र ध्यानाला बसायचो. ‘बसायचो’ असे भूतकाळात का म्हणतो आहे, ते पुढे येईलच.

आमच्यात सांगलीकडचा एक तरुण आहे. संगणक कंपनीत नोकरी, काम अमेरिकेच्या वेळेने. एका रविवारी सगळे गेल्यावर तो मागे रेंगाळला. चपला घालता घालता म्हणाला, “काका, एक विचारू? हसणार नाही ना?” मग सांगू लागला. अंथरुणावर पडून डोळे मिटले की काळोखात आधी निळसर ठिपके फिरतात. त्यांची जाळी होते, जाळीची नक्षी होते आणि मधोमध एक प्रकाशाचा गोळा फुगत येतो. कधी कधी अनोळखी चेहरे एकामागून एक सरकत जातात, इतके स्पष्ट की एखाद्याच्या भुवयांचे केससुद्धा मोजावेत. दोनदा तर आपले नाव कोणीतरी हाकारल्यासारखे वाटून तो दचकून उठला होता. “डॉक्टरला दाखवू का? का हे ध्यानामुळं होतंय?”

मी हसलो नाही. हसलो असतो तर बरे झाले असते, असे आता वाटते. मी गंभीर झालो आणि मला लहानपणचे नरेंद्रनाथ आठवले. स्वामी विवेकानंदांच्या चरित्रात हा प्रसंग येतो. झोपताना डोळे मिटले की त्यांना भुवयांच्या मध्ये प्रकाशाचा एक बिंदू दिसे. तो रंग पालटत मोठा होई, फुटे, त्या शुभ्र प्रकाशात सारे अंग न्हाऊन निघे आणि झोप लागे. पुढे दक्षिणेश्वरला श्रीरामकृष्णांनी त्यांना नेमके हेच विचारले, की झोपताना तुला ज्योत दिसते का? आणि ती पूर्वजन्मीच्या ध्यानाची खूण मानली. ही गोष्ट मी त्या मुलाला रंगवून सांगितली. वर म्हणालो, “डॉक्टरकडे कशाला जातोस? ते गोळ्या देतील आणि चाललंय ते थांबेल. पहाटेचं ध्यान सोडू नकोस.”

त्याचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार. आपल्या वर्गातल्या एकाला ज्योत दिसते आहे, यात माझेही थोडे नाव होत होते ना!

पुढचे दोन महिने तो एकही पहाट चुकला नाही. महिन्याभरानंतर एका संध्याकाळी आऊटर रिंग रोडवर लाल सिग्नलला थांबलेला असताना स्कूटरवरच त्याला डुलकी लागली. मागच्या बसने हॉर्न वाजवला तेव्हा तो कलंडला. कोपर खरचटले, तेवढ्यावर निभावले. हे त्याने मला सांगितले नाही. त्याच्या आईने सांगलीहून फोन केला, तेव्हा कळले. आई माझ्यावर रागावली नाही, एवढेच म्हणाली, “तो रात्री एक-दीडला घरी येतो हो, आणि साडेचारला उठतो. तुम्हाला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हते. मी विचारलेच नव्हते.

मग आम्ही दोघे मिळून एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. गर्दीच्या दवाखान्यातही त्यांनी पाऊण तास दिला, आणि त्यातला बराचसा वेळ त्या फक्त विचारत होत्या. हे केव्हापासून होते? डोळे मिटल्यावरच दिसते की उघड्या डोळ्यांनीही? झोपेच्या उंबरठ्यावरच की भर दुपारी, पूर्ण जागेपणीही? कोणी आज्ञा करणारा आवाज ऐकू येतो का? मोठ्याने हसताना गुडघ्यांतले बळ जाते का? जाग आल्यावर काही क्षण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखे होते का? घोरतोस का? कधी फिट आली होती का? कोणती औषधे, किती कॉफी? आणि शेवटी वही पुढे सरकवून म्हणाल्या, “दोन आठवडे रोज किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास, ते यात लिहून आण.”

वहीत सरासरी सव्वातीन तास झोप निघाली. दिवसा तुकड्या-तुकड्यांनी घेतलेली तासाभराची आणखी.

बाईंनी समजावले ते असे. मेंदू दिव्याच्या बटनासारखा एकदम बंद होत नाही, त्याचे भाग मागेपुढे झोपतात. पाहण्याचे काम करणारा भाग स्वतःच चित्रे तयार करू लागलेला असतो, पण ‘मी पाहतो आहे’ ही जाणीव अजून मावळलेली नसते. त्या फटीत नक्षी, चेहरे, हाका येतात. एरवी स्वप्नांची झोप डोळा लागल्यावर तास-दीड तासाने येते. झोप तुटलेल्या, वेळापत्रक मोडलेल्या शरीरात ती आगाऊ घुसू शकते. हे अगदी सर्रास घडते. ब्रिटनमध्ये जवळजवळ पाच हजार लोकांची एक पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ३७ टक्के लोकांनी झोप लागताना असे काही ना काही अनुभवल्याचे सांगितले होते. फ्रान्समधल्या आल्फ्रेड मोरी यांनी या अवस्थेला १८४८ मध्येच स्वतंत्र नाव दिले होते. म्हणजे मुलाला रोग नव्हता. झोपेची उधारी होती, आणि त्या उधारीला पहाटे साडेचारचा गजर लावून हातभार लावणारा मी होतो.

येताना रिक्षात आम्ही दोघेही गप्प होतो.

त्या रात्री मी नरेंद्रनाथांचा तोच प्रसंग पुन्हा काढून वाचला, आणि पहिल्या वेळी सोयीस्करपणे निसटलेली एक गोष्ट दिसली. सगळ्यांनाच अशी झोप लागते, अशी लहानग्या नरेंद्राची समजूत होती! त्याला त्यात विशेष काही वाटलेच नव्हते. तो त्या प्रकाशाच्या मागे लागला नाही, त्यासाठी लवकर निजला नाही की उशिरा. आणि विचारणारा कोण होता? ज्याने त्या मुलाला उलटसुलट पारखले, स्वतःलाही पारखून घ्यायला सांगितले, असा पुरुष. मी त्या संवादातले उत्तर तेवढे उचलले होते, विचारण्याचा अधिकार कुठून आणला होता?

श्रीरामकृष्णांचीच आणखी एक बाजू आपण सांगताना सहसा गाळतो. साधनाकाळात त्यांची झोप उडाली, अंगाची आग होऊ लागली, तेव्हा मथुरबाबूंनी कलकत्त्याचे नामांकित कविराज गंगाप्रसाद सेन यांचे औषध सुरू केले, आणि त्यांनी ते घेतले. १८८५ मध्ये घशाच्या आजारात डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करीत. हे डॉक्टर १८७६ मध्ये विज्ञानसंशोधनाची संस्था स्थापणारे, अवतार वगैरे न मानणारे. श्रीरामकृष्ण समाधीत असताना त्यांची शारीरिक तपासणी झाली, आणि त्यामुळे कोणाच्या भक्तीला कमीपणा आला नाही. डॉक्टर तासन्‌तास बसत, वाद घालत, हसत. ज्यांच्या अनुभवाविषयी आपल्याला तिळमात्र शंका नाही, त्यांनी वैद्यापुढे हात केला, आणि एका थकलेल्या मुलाला मी सांगत होतो की जाऊ नकोस.

शास्त्रही काही वेगळे सांगत नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ अंतराय मोजले आहेत. त्यांत पहिला कोणता? व्याधी. संशय, आळस हे त्यानंतर. आणि त्याच यादीत सातवा आहे भ्रांतिदर्शन, म्हणजे असते एक आणि दिसते दुसरे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याप्रमाणेच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही, असे भगवंत स्पष्ट सांगतात. हा श्लोक मी वर्गात निदान वीस वेळा शिकवला असेन. आमचे समर्थ तर दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक ताप सांगताना शरीराच्या दुखण्यांची एवढी लांबलचक यादी देतात की एखाद्या वैद्याने वही काढावी. देहाचे बोलणे परमार्थात हलके असते, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो त्या मुलाने मला विचारलाच. “म्हणजे काका, ते सगळं खोटंच होतं?” मला तसे म्हणवत नाही. कीर्तनात डोळ्यांत पाणी येते ते अश्रुग्रंथीतूनच येते. ग्रंथी दाखवल्याने कीर्तन खोटे ठरत नाही. पण मग प्रत्येक अश्रू भक्तीचा, असेही नाही. कांदा चिरतानाही येतो. कारण कळले म्हणून मोल ठरत नाही, आणि मोल मोठे वाटले म्हणून कारण शोधायचे टाळता येत नाही. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न, सुषुप्ती या तिन्ही अवस्थांची दखल घेते, त्यांतल्या एकीलाही हाकलून देत नाही. पण बोट दाखवते ते या तिन्हींना पाहणाऱ्याकडे. पडद्यावर काय उमटले, यावर तिथे गुण मिळत नाहीत.

आमच्याच बेंगळुरूमध्ये होसूर रस्त्यावर निम्हान्स ही संस्था १९७४ पासून उभी आहे. तिथे विपश्यना करणाऱ्यांच्या झोपेची रात्रभर यंत्रांनी नोंद घेऊन अभ्यास झाला आहे, आणि मध्यम वयाच्या साधकांची गाढ झोप समवयस्कांपेक्षा चांगली टिकलेली आढळली आहे. म्हणजे ध्यान आणि झोप यांचे वैर नाही. वैर मी लावून दिले होते.

वाचकांपैकी कोणाला असे दिसत असेल तर एवढे लक्षात असू द्या. झोप येतानाच, मिटल्या डोळ्यांना दिसत असेल आणि दिवस नीट जात असेल तर घाबरण्याचे कारण नसते. पण उघड्या डोळ्यांपुढे अचानक विजा चमकू लागल्या, काळे ठिपके वाढले, नजरेवर एका बाजूने पडदा उतरल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तो दृष्टिपटलाचा प्रश्न असू शकतो, आणि तिथे उशीर महागात पडतो. दिवसा आवरेना अशी झोप येणे, हसताना अंग लुळे पडणे, पूर्ण जागेपणी आवाज येणे, नवे औषध सुरू झाल्यावर हे घडणे, यांतले काही असले तर डॉक्टरांना सांगावे. ‘वेडा म्हणतील’ या भीतीने लपवू नये. मनाविषयी बोलायचे असेल आणि कोणापुढे बसण्याचा धीर नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे.

पहाटेचे एकत्र ध्यान आम्ही बंद केले. आता ज्याची जी पाळी, त्याप्रमाणे तो बसतो. त्या मुलाने महिनाभर खटपट करून दिवसपाळी मागून घेतली, आणि आता तो सात तास झोपतो. परवा स्वाध्यायानंतर कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याने कॉफी पिताना म्हणाला, “काका, आता काहीच दिसत नाही. डोळे मिटले की सकाळच.” थोडा थांबून म्हणाला, “खरं सांगू? चुकल्यासारखं वाटतं.”

मी पेला खाली ठेवला. या खेपेला मला कोणतेही चरित्र आठवले नाही. “काय चुकल्यासारखं वाटतं, ते सांग,” असे म्हटले आणि ऐकत राहिलो.