मैदानात सेवा घडते का?

अमोस अलोन्झो स्टॅग येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला बसले ते पाळक व्हायचं म्हणून. न्यू जर्सीतल्या गरीब घरातला, जोडे दुरुस्त करणाऱ्या बापाचा हा मुलगा. बेसबॉलचा पट्टीचा पिचर. व्यावसायिक संघांचं बोलावणं आलं, ते त्यांनी नाकारलं. पण उपदेशाला उभं राहिलं की शब्द साथ देईनात. अखेर उपदेशाऐवजी मैदानातूनच तरुणांचं चारित्र्य घडवायचं ठरवून ते स्प्रिंगफिल्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षणशाळेत गेले आणि 1892 मध्ये नव्या शिकागो विद्यापीठात फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. कुलगुरू विल्यम हार्पर यांनी त्यांना प्राध्यापकवर्गात घेतलं. प्रशिक्षकाला असा मान तोवर मिळत नसे.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन आडवं पाडायचं, असा हा अमेरिकन खेळ. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूची सेवा अशा खेळात कशी होणार?

प्रश्न पुस्तकी नव्हता. मैदानावर इतके तरुण जायबंदी होत, दगावत की 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली. नियम समितीत स्टॅगही होते.

त्यांचं स्वतःचं उत्तर मात्र नियमांत नव्हतं, वागण्यात होतं. ते दारू-तंबाखूला शिवत नसत, शिवी तोंडात येऊ देत नसत. फारच संतापले तर खेळाडूला ‘गाढव’ म्हणत. चूक मोठी असेल तर ‘दुप्पट गाढव’, त्याहून मोठी असेल तर ‘तिप्पट’. संतापाच्या ऐन भरातही समोरच्याचा अपमान कुठे थांबवायचा, हे ज्याला कळतं त्याची श्रद्धा मला खरी वाटते.

सत्तरीला विद्यापीठाने त्यांना सक्तीने निवृत्त केलं. ते कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, मेथडिस्ट पंथीयांनी काढलेल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले आणि पुन्हा मैदानात उतरले. 1943 मध्ये, 81 व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने काम केलं. नव्वदी उलटल्यावरही स्टॉकटनच्या पोरांना ते किक मारायला शिकवत होते. 1965 मध्ये, 102 व्या वर्षी वारले. एवढं आयुष्य निव्वळ विजयाच्या हव्यासावर निघत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलत नाही. शिकागोचा संघ जिंकू लागला तशी तिकिटांची कमाई वाढली, विद्यापीठाचं नाव झालं. त्या संघाचा लाडका तारा वॉल्टर एकरसॉल पदवी न घेताच बाहेर पडला. चारित्र्य घडवण्यासाठी मैदान निवडणाऱ्या शिक्षकाने त्याला अभ्यासाला बसवायला हवं होतं. तो दोष विद्यापीठाचा आहेच, पण स्टॅग यांचाही आहे.