उबवलेल्या अंड्यांचा प्रश्न

ईस्टर जवळ आला की शब्बाथशाळेच्या शिक्षकांना अंड्याची आठवण होते. कवच फोडून बाहेर येणारे पिल्लू दाखविले की रिकाम्या कबरेचा पाठ मुलांच्या मनात पक्का बसतो, असे आपण मानतो. टोंकखुर्द येथील आमच्या घरी २०२४ साली आम्हीही तेच योजिले. ईस्टर ३१ मार्चला होता. बरोबर एकवीस दिवस आधी आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा, पाण्याची वाटी व उष्णतामापक ठेवून बारा अंडी मांडली. हल्लीच्या एलईडी दिव्यांना ऊब नसते, त्यामुळे जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा शोधता शोधताच पुरेवाट झाली.

अंडी दुकानातली होती. दुकानात मिळणारी पांढरी अंडी बहुधा कोंबडा न ठेवणाऱ्या फार्ममधली असतात. ती कितीही उबवली तरी नासण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून आम्ही गावठी अंडी मुद्दाम मागून घेतली. अठरा घेतली, बारा खोक्यात ठेवली आणि उरलेल्या सहांचे आम्लेट दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून खाल्ले.

खोक्यात साडेसदतीस अंश उष्णता राखायची, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, हे सर्व आम्ही निष्ठेने केले. सातव्या रात्री अंधारात अंड्यांमागे बॅटरी धरली. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, आणि एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी मुले एकदम गप्प झाली. पुढे झावळ्यांच्या रविवारी रात्री वीज गेली. आम्ही निजलो होतो. पहाटे उठून पाहतो तो खोके गार.

ईस्टरच्या दिवशी चार पिल्ले निघाली. पाच निघाली नाहीत.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने रिकाम्या कबरेविषयी काहीच विचारले नाही. ती म्हणाली, "आम्लेट खाल्लं तेव्हा कुणी रडलं नाही. मग या पाचांसाठी आई का रडली?"

आम्लेटच्या अंड्यांत जीव नव्हता, असे सांगून सुटता आले असते. पण ते खरे नव्हे. कोंबड्याचा संग झालेले अंडे कोंबडीच्या पोटातच वाढू लागते. घातल्यावर ते निवते आणि वाढ थांबते. थंड जागी आठवडाभर ते असे थांबून राहू शकते. म्हणजे त्या सहांपैकी काहींतही वाट पाहणारा जीव असणारच. आणि अन्न म्हणून ते खाण्याची मोकळीक उत्पत्ति ९:३ आपल्याला देते. तेव्हा त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेण्याचे कारण दिसत नाही.

मग फरक कुठे? आम्हांला वाटते, फरक अंड्यात नव्हता, आमच्यात होता. थांबलेल्याला आम्ही 'चल' म्हटले होते. दिवा लावला त्या घटकेला आम्ही कोंबडीच्या जागी बसलो, आणि चौदाव्या रात्री त्या जागेवरून उठून निजलो. ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात अंडी वाळूत टाकून जाणारी शहामृगी आहे. तिला बुद्धी दिली नाही, असे तेथे देवच सांगतो. आम्हांला ती सबब नाही.

कोणी म्हणेल, पाच अंड्यांसाठी एवढे कशाला? अंडी देणाऱ्या जातींच्या हॅचऱ्यांत नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ते बंद केले. आक्षेप रास्त आहे, आणि आम्हीही कोणी साधू नव्हे. आमच्या चारांपैकी दोन कोंबडे निघाले. पहाटे आरवून त्यांनी गल्ली जागविली आणि शेवटी उपकारस्तुती करून आम्ही ते खाल्ले. मुलीने खाल्ले नाहीत. आम्ही आग्रह केला नाही.

आम्हांला लागले ते वेगळेच. ती अंडी आम्ही पाठासाठी उबवली होती. मत्तय २३:३७ मध्ये प्रभूने कोंबडीचा दाखला दिला, तो पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या, लोकांच्या अंगणात रोज दिसणाऱ्या कोंबडीचा. दाखला हवा म्हणून त्याने कोणाची अंडी उबवली नाहीत. आम्ही मात्र एका रविवारच्या पाऊण तासासाठी नऊ जीव जागे केले, आणि ईस्टर सोमवारी त्यांचे काय, याचा विचार खोके आणण्यापूर्वी कोणीच केला नव्हता.

यंदा मुलीनेच पुन्हा विषय काढला. रात्री कोण जागणार, असे आम्ही विचारले. तिने कुठेसे वाचले होते की झाबुआची कडकनाथ कोंबडी रवणावर बसायला फारशी राजी नसते, म्हणून तिची अंडी दुसऱ्या जातीच्या कोंबडीखाली ठेवतात. मागच्या गल्लीतल्या काकींकडे एक गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली आठ अंडी ठेवली आहेत. पिल्ले ईस्टरला निघतील की आठवडाभर नंतर, हे आम्ही मोजलेले नाही.